आधी मान, मग साइट

1 ऑगस्ट 2024 रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ घेतलं, 451.4 गुणांनी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीतही दिवसभर बोलण्यात होता. टीव्हीसमोर बसलेल्यांना एक गोष्ट मात्र उमगत नव्हती : आधी गुडघ्यावर, मग पोटावर, मग उभ्याने, असं बदलताना हे नेमबाज रायफलीशी इतकी खटपट कशाला करतात? माझ्या मते या खेळाचं अर्धं शास्त्र त्या खटपटीतच आहे.

पोटावर झोपलं की डोकं पुढे सरकतं आणि डोळा नेम धरायच्या मागच्या साइटच्या फार जवळ येतो. उभं राहिलं की मान सरळ होते, डोळा मागे जातो. साइट तिथेच ठेवली तर डोळ्याला तिच्यामागे धावावं लागतं. मान ताणली जाते आणि दहाव्या-पंधराव्या गोळीला ती थरथरू लागते. म्हणून साइट रायफलीवरच्या रेलवर पुढे-मागे सरकवायची, गरजेनुसार खाली उंचवटा देऊन वर घ्यायची. या साइटमध्ये भिंग नसतं. मागे जेमतेम एक मिलिमीटरचं छिद्र, पुढे एक कडं, आणि कड्याच्या मधोमध काळं लक्ष्य. दोन्हींतलं अंतर 70 सेंटीमीटर धरलं, तर छिद्र आणि कडं जुळवताना दशांश मिलिमीटरची चूकही 50 मीटरवर सात मिलिमीटर होते. 10.9 ची गोळी 10.1 वर येते. फायनलमध्ये पदकं याहून कमी फरकाने हातची जातात.

रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा हिशेब वेगळा. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये परावर्तनाची साइट मांडली. 1975 मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने तिला विजेचा लाल ठिपका दिला. वक्र काचेवरून परतणारे किरण समांतर होतात, त्यामुळे डोळा थोडा हलला तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा सरकत नाही. डोळ्यापासूनचं अंतर ठरलेलं नसतं, म्हणून ती रेलवर कुठेही बसते आणि म्हणूनच निवड अवघड होते. छोटी साइट फार पुढे नेली की तिची खिडकी बारीक दिसते आणि ठिपका शोधावा लागतो. फार मागे आणली की तिची चौकटच आजूबाजूचं झाकते. मधली जागा बहुतेकांना मानवते.

उंचीकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावं. ठिपका नळीच्या 6.5 सेंटीमीटर वर असेल आणि नेम 50 मीटरला जुळवलेला असेल, तर पाच मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे सहा सेंटीमीटर खाली लागते. ही साइट रायफलीवरच्या दुर्बिणीच्या डोक्यावर बसवली की हा फरक आणखी वाढतो, शिवाय गाल दस्त्यावरून सुटतो. 45 अंशांत बाजूला बसवली की उंची आटोक्यात राहते, पण रायफल कलवण्याची सवय लागते आणि नेम स्वतंत्र जुळवावा लागतो. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण आणि रेड डॉट दोन्हींना मज्जाव आहे. आपल्याकडे रेड डॉट प्रामुख्याने सैन्य-पोलिसांच्या हाती दिसते.

मुंबईत नेमबाजी शिकण्याची जुनी जागा वरळीची, महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीमुळे रायफल हाती आलेल्या नेमबाज अंजली भागवत तिथल्याच. प्रशिक्षक संजय चक्रवर्तींच्या हाताखाली घडल्या आणि 2000 मध्ये सिडनीच्या फायनलमध्ये पोचल्या. सुमा शिरूरही त्याच गुरूंच्या. स्वप्नीलला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः 2004 मध्ये अथेन्सला खेळल्या होत्या. इतकी सलग परंपरा एका शहराच्या आसऱ्याने उभी राहावी, याचा मला फार अभिमान वाटतो.

चाळीतली माझी भाची एअर रायफल शिकते. दहा मीटरची जागा घरात कुठून येणार? मग तीन मीटरवर भिंतीला नऊ मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटवलेला असतो, रेंजवरचं 30.5 मिलिमीटरचं काळं वर्तुळ तेवढंच दिसतं. छर्रा न भरता, दार लावून, ती फक्त रायफल धरते. डोळे मिटते, गाल सहज टेकवते, मग डोळे उघडते. छिद्रात कडं मधोमध दिसलं नाही, तर मान तशीच ठेवून आम्ही साइट हलवतो. पुढे-मागे किंवा वर-खाली, एका वेळी एकच बदलायचं, स्क्रू आवळायचा आणि रेलवरचा आकडा वहीत लिहायचा. जाड जॅकेट घातलं की खांद्याची जागा बदलते, त्यामुळे ही तपासणी पूर्ण पोशाखात पुन्हा करावी लागते.