अर्दबीलचा चिनीखाना

इराणच्या वायव्येकडील अर्दबील शहरात सफवी राजघराण्याचे मूळपुरुष, सूफी संत शेख सफीउद्दीन यांचा दर्गा असून, शाह अब्बास पहिला याने १६११मध्ये आपल्या संग्रहातील १,१६२ चिनी भांडी या दर्ग्याला अर्पण केली. हे दान ‘वक्फ’ स्वरूपाचे होते, म्हणजे एकदा अर्पण झालेली वस्तू विकता येत नसे आणि तिच्यावर वारसांचा हक्कही उरत नसे. भांड्यांवर लहानशा चौकटीत कोरलेल्या फार्सी लेखात हा बलाढ्य शाह स्वतःला हजरत अलींचा दास म्हणवून घेतो. दर्ग्यातील घुमटाच्या दालनाची त्यासाठी नव्याने सजावट करण्यात आली आणि त्याच्या भिंतींत सुरई, कुंभ, वाडगा अशा आकारांचे रंगीत व सोनेरी कोनाडे कोरण्यात आले. हाच अर्दबीलचा चिनीखाना.

ही भांडी मुख्यतः चीनमधील जिंगडेझेन या कुंभारनगरीची. केओलिन ही पांढरी माती आणि दगडाची पूड एकत्र मळून भांडे घडवायचे, कच्च्या भांड्यावर कोबाल्ट या खनिजाच्या रंगाने नक्षी काढायची, वर काचेसारखी झिलई द्यायची आणि सुमारे १,३०० अंश सेल्सिअस उष्णतेत ते भाजायचे, अशी ही कृती होती. चौदाव्या शतकात हा कोबाल्ट पश्चिम आशियाकडून येई. त्यात लोहाचा अंश अधिक असल्याने कुंचल्याचा रंग जेथे दाट बसला तेथे निळ्या रेषेत काळपट ठिपके उमटलेले दिसतात, आणि आज जाणकार याच ठिपक्यांना त्या काळच्या कामाची एक खूण मानतात. चिनी माणूस लहान वाडग्यात जेवत असे. तरीही हाताच्या लांबीइतक्या व्यासाची प्रचंड ताटे तेथे बनली, ती एका ताटाभोवती अनेकांनी बसून जेवण्याच्या पश्चिम आशियाई रीतीसाठी. दरबारी हौसेमागे असा दोन्ही बाजूंनी चालणारा व्यापार उभा होता, हे संग्रहांच्या वर्णनात फार वेळा विसरले जाते.

१८२८मध्ये रशियन सैन्याने अर्दबील घेतल्यावर दर्ग्यातील मौल्यवान हस्तलिखिते सेंट पीटर्सबर्गला नेण्यात आली, पण भांडी मागे राहिली. पुढे त्यांतील बहुतेक तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात हलवण्यात आली. अमेरिकन संशोधक जॉन अलेक्झांडर पोप यांनी १९५६मध्ये या संग्रहाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे खरे मोल जगाला उमगले. शाहच्या दानाचा लेख ज्या भांड्यावर आहे ते १६११नंतरचे असूच शकत नाही, आणि कालनिर्णयाची इतकी पक्की मर्यादा चिनी मातीच्या भांड्यांच्या अभ्यासात क्वचितच लाभते. १३५१ हे साल नोंदलेल्या, आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात असलेल्या दोन निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांशी ताडून पोप यांनी अर्दबीलची चौदाव्या शतकातील भांडी वेगळी काढली. त्यांच्या या कामामुळे चीनमधील युआन राजवटीच्या, म्हणजे मंगोल सम्राटांच्या काळातील निळ्या-पांढऱ्या भांड्यांना कलेच्या इतिहासात स्वतंत्र स्थान मिळाले.