पिंजऱ्याविना पकडलेला हिमालय

उंच कड्याच्या अगदी काठावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. ख्रिस्ती मठातली एक सिस्टर पायघोळ झगा सावरत तिचा दोर ओढते. खाली पाहावं तर खोल, खोल दरी, आणि समोर बर्फाचे डोंगर. पाहता पाहता आपल्याच पोटात गोळा येतो.

मुलांनो, तिथे दरी नव्हतीच! बर्फही नव्हता. हे सगळं घडलं लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत. सिनेमा होता 1947 सालचा ‘ब्लॅक नार्सिसस’. गोष्ट दार्जिलिंगकडच्या हिमालयातली, पण मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीने ठरवलं की भारतात जायचं नाही, हिमालय इथेच उभा करायचा. बागेतले काही प्रसंग त्यांनी इंग्लंडमधल्याच लेनर्ड्सली नावाच्या बागेत टिपले, कारण तिथे हिमालयातली झाडं वाढवलेली होती.

आणि ती सिस्टर म्हणजे डेबोरा कार. जन्म 30 सप्टेंबर 1921, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. तिच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धात एक पाय गमावला होता. डेबोरा आधी बॅले नाच शिकली, 1938 मध्ये लंडनच्या रंगमंचावर नाचली आणि मग नाटकांकडे वळली. ‘कर्नल ब्लिंप’ या सिनेमात तर तिने तीन वेगवेगळ्या स्त्रिया रंगवल्या. तेव्हा ती जेमतेम एकवीस वर्षांची होती!

आता दरीकडे वळू. आधी एक प्रयोग करा. मित्राला हातभर अंतरावर पेन उभं धरायला सांगा. एक डोळा मिटा आणि वरून झटकन टोपण बसवायला जा. बहुतेक वेळा हात थोडा अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो. आपले दोन डोळे दोन जागांवरून पाहतात, त्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. कॅमेऱ्याला मात्र एकच भिंग. त्याच्यासमोर खरी दरी ठेवा की रंगवलेली, उजेडाची दिशा आणि रेषांचा कल जुळला तर त्याला फरक कळत नाही.

पर्सी डे नावाच्या चित्रकाराचं हेच तर कसब होतं. तेव्हा चित्रीकरण करताना चौकटीचा काही भाग काळ्या रंगाने झाकत. फिल्मवर तेवढ्या जागी उजेड पडत नसे, ती कोरी राही. नंतर तीच फिल्म मागे फिरवून त्या कोऱ्या जागेत रंगवलेल्या चित्राचं छायाचित्र घेत. कॅमेरा केसभर जरी हलला, तरी सांधा उघडा पडे. शिवाय दूरचे डोंगर फिकट आणि निळसर रंगवायला लागत. आपल्या सह्याद्रीच्या मागच्या रांगा निळ्या दिसतात ना, तसेच. मधली हवा उजेडातला निळा रंग जास्त विखुरते, म्हणून तसं दिसतं.

रंगांची तर आणखी मजा. तेव्हाच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असे. तो उजेडाची वाटणी करून एकाच वेळी तीन कृष्णधवल फिल्मवर टाकी: लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची नोंद वेगवेगळी. नंतर त्या तिन्हींवरून रंगीत प्रत छापत. अशी वाटणी झाली की प्रत्येक फिल्मच्या वाट्याला कमी उजेड येणार, म्हणून सेटवर प्रचंड दिवे लावावे लागत आणि भयंकर उकडे. छायाचित्रकार जॅक कार्डिफ यांनी प्रकाशयोजनेसाठी व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराचा आदर्श ठेवला. त्यांना आणि कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे यांना या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं.

पण एक गोष्ट ना लोलक करू शकतो, ना चित्रकार: त्या दरीची भीती वाटणं. ते काम डेबोराचं. अंगावर जाड झगा, डोक्यावर तापलेले दिवे, समोर स्टुडिओ, आणि वागायचं असं की एक पाऊल चुकलं तर संपलं! दोर ओढताना तिच्या अंगाचा तोल पाहा. मला वाटतं, नाचात तयार झालेलं शरीरच हे इतकं नेमकं करू शकतं. ती बिचकली नसती, तर सगळा हिमालय नुसता रंगवलेला पडदा ठरला असता.

मग ती हॉलीवूडला गेली. सर्वोत्तम अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला सहा वेळा नामांकन मिळालं, पण पुरस्कार एकदाही नाही. ही गोष्ट मला अजून पटत नाही. शेवटी 1994 मध्ये मानद ऑस्कर देऊन तिचा गौरव झाला. 2007 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी ती गेली.

तिच्या 1956 सालच्या ‘द किंग अँड आय’मध्ये आणखी एक जोडकाम आहे, या वेळी आवाजाचं. पडद्यावर गाते डेबोरा, पण गळा मार्नी निक्सन या गायिकेचा. आपल्याकडे पार्श्वगायिकेचं नाव घरोघरी माहीत असतं, तिथे मात्र ते झाकून ठेवत. सिनेमाच्या श्रेयनामावलीत मार्नीचं नाव नव्हतं. डेबोराने ते स्वतःहून पत्रकारांना सांगून टाकलं! दोघींनी तालमी एकत्र केल्या होत्या. गाण्यात बोलल्यासारखे शब्द आले की डेबोराचा आवाज, सूर लागला की मार्नीचा. श्वास कुठे घ्यायचा, मान कधी वळवायची, हेसुद्धा दोघींनी जुळवून घेतलं होतं. एकदा डोळे मिटून ती गाणी ऐका आणि एक आवाज संपून दुसरा कुठे सुरू होतो, ते शोधून बघा.