चोपड्याचे हौशी नाविक

सुरसागराच्या काठी वाढलेल्या आम्हां बडोदेकरांना पाणी म्हणजे जागच्या जागी राहणारी वस्तू वाटते. पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, हे मी प्रथम पाहिले ते १९६४ च्या उन्हाळ्यात, आजोळी. आजोळ गोव्यातले, पेडणे तालुक्यातले चोपडे. गोवा मुक्त होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती आणि आईला कितीतरी वर्षांनी माहेर दिसत होते. मुंबईहून आगबोटीने पणजी, पुढे म्हापशावरून शिवोली, आणि शिवोलीच्या धक्क्यापाशी शापोरा नदी आडवी आली. तेथे धोतराचा काचा मारलेले एक गृहस्थ शिडाची होडी घेऊन उभे होते. तेच आमचे मामा.

मामा पेशाने शाळामास्तर. गावात होडी असे ती मासे धरायला नाहीतर माणसे उतरवायला. नुसत्या हौसेने शीड उभारणारा पांढरपेशा गृहस्थ म्हणजे लोकांना चेष्टेचा विषय. "मासळी आणायची नाही, तर मास्तर जातात तरी कशाला?" असा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे. मामा त्यावर नुसते हसत. नारळीपौर्णिमेला होडी पाण्यात जाई आणि पावसाच्या तोंडावर झावळ्यांच्या मांगरात येई. मधल्या महिन्यांत सुट्टीचा एकही दिवस ते दवडीत नसत.

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते शाळेच्या भूगोलात नव्हते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून येतो तो खारा. ओहोटी आणि मतलई यांची गाठ पडली, की होडी आपसूक मोरजीकडे सरकते. भरती आणि खारा वारा एकत्र आले, की तशीच घरी येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. "पंचांग तुझ्या आईला सणवारासाठी लागते, मला पाण्यासाठी," असे ते म्हणत. समोरच्या शापोऱ्याच्या किल्ल्याकडे बोट दाखवून ते सांगत, की आपल्या तीरावर सावंतवाडीकरांचा अंमल होता आणि १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. ही नदी म्हणजे त्या काळची सरहद्द. हीच नदी वर तिळारी म्हणून ओळखली जाते, हेही त्यांनीच सांगितले.

मात्र एक गोष्ट मला खटके. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. तेथवर गेले, की मामा होडी फिरवीत. पुढे उघडा समुद्र दिसत असे, वारा अनुकूल असे, आणि हे परत वळत. चौदाव्या वर्षी माणसाला जितका शहाणपणा असतो तितक्या शहाणपणाने मी एकदा बोलून गेलो, "मामा, तुम्ही भिता." त्यांनी सुकाणू वळवले आणि ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी घरी येईपर्यंत आमच्यात शब्द झाला नाही.

त्याचा उलगडा मामींनी केला, तोही मी नोकरीला लागल्यावर. १९५८ सालची गोष्ट. थोरली मुलगी वर्षाची होती. मामा सकाळी दांडा ओलांडून बाहेर गेले. दुपारी खारा वारा पडायचा तो पडलाच नाही. शीड ओल्या धोतरासारखे लोंबत राहिले आणि ओहोटी होडीला आणखी बाहेर नेऊ लागली. रात्रीच्या भरतीबरोबर वल्ही मारीत ते मुखातून आत आले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. काळोखात चोपड्याचा तीर कोणता हे कळेना. तेवढ्यात एक कंदील दिसला. एका हातात कंदील आणि कडेवर मूल घेऊन मामी तिन्हीसांजेपासून काठावर उभ्या होत्या.

"मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही," मामी म्हणाल्या. "त्यांनीही काही वचन दिले नाही. पण त्यानंतर दांड्यापलीकडे गेले नाहीत, हे खरे."

होडी विकून टाकणे सोपे होते. पुष्कळांनी तो सल्ला दिला होता. मामांनी होडी ठेवली आणि मर्यादाही ठेवली. शिवाय तिन्ही मुलींना शीड उभारायला आणि सुकाणू धरायला शिकवले. मास्तरांच्या मुली होडी चालवतात, हे त्या काळी गावाला रुचले नाही. मामांनी तेव्हाही नुसते हसून वेळ नेली.

मे २०१० मध्ये मी चोपड्याला गेलो होतो. नदीवर पूल झाला होता आणि मामा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी वर्तमानपत्र पुढे केले. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, चार ठिकाणी थांबून, १९ मेला परतले होते. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. नौका 'म्हादेई' बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, मांडवीतल्या दिवाडी बेटावर. "आपल्या गोव्यातली नाव!" मामा पुनःपुन्हा म्हणत होते.

मी धीर करून विचारले, "तुम्हांला कधी पुढे जावेसे वाटले नाही?"

"वाटले ना. रोज वाटले. म्हणून तर होडी काढीत राहिलो."

बेचाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या वाक्याची क्षमा मी त्या दिवशी मागितली. त्यांना ते वाक्य आठवत नव्हते, किंवा आठवत नसल्याचे त्यांनी दाखवले. पुढच्याच पावसाळ्यात ते गेले. त्या वेळी होडी मांगरातच होती.

दिवाडीलाच बांधलेली 'तारिणी' ही नौका घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि जगाला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्यातच परतल्या. त्या संध्याकाळी चोपड्याहून थोरल्या मामेबहिणीचा दूरध्वनी आला. १९५८ साली आईच्या कडेवर होती तीच ही. आता साठी ओलांडलेली.

"सहाजणी परत आल्या रे," ती म्हणाली. "बाबा हवे होते."

नंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.