आधी जमीन विचारा, मग दर

घर बांधायला निघालेल्या माणसाचा ठेकेदाराला पहिला प्रश्न सांगलीत काय, साताऱ्यात काय, बहुधा एकच असतो: चौरस फुटाला किती पडेल? जाणता ठेकेदार लगेच आकडा सांगत नाही. तो उलट विचारतो, प्लॉट कुठं आहे?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत पाण्यानं पन्नाशी ओलांडली; २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावरची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत, नदीकडच्या पट्ट्यात, नव्या बांधकामाला मनाई आहे. आपला प्लॉट कुठल्या रेषेत येतो हे विचारल्यावर ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याशी पुढची बोलणी करूच नयेत. २०१९चं पाणी कुठवर चढलं होतं, हे गल्लीतली माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. जोत्याची उंची ठरवताना ती खूण डोळ्यांसमोर हवी.

मग काळी माती. कृष्णाकाठची ही जमीन उसाला उत्तम, घराला अवघड. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की पाया हलून भिंतींना तिरक्या चिरा जातात. अशा ठिकाणी मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदावं लागतं, नाहीतर तळाशी रुंद केलेले पाइल घ्यावे लागतात. जोत्यात भराव मुरमाचा लागतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर खडक लवकर लागतो, पण वरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याला वाट काढून द्यावी लागते. म्हणून खड्डा काढून माती न पाहता पायाची खोली सांगणारा माणूस अंदाजावर बोलतो आहे, असं खुशाल समजावं.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसं गेली. कोयना ज्या पाटण तालुक्यात आहे, तो सातारा जिल्ह्यातलाच. त्यामुळे या भागात ठेकेदाराचं काम स्लॅब ओतून झाल्यावर पाहून उपयोग नाही. सळई बांधून झालेली असताना, काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी साइटवर जावं. कॉलमच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली आहेत का? काटकोनात सोडलेली रिंग हादऱ्यात उघडते. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का? मिक्सरमध्ये पाणी मोजून घालतात की काँक्रीट सहज पसरावं म्हणून बादल्या ओततात? जास्तीच्या पाण्यानं काँक्रीट कमजोर होतं, आणि नंतर गिलावा झाला की ते कुणाला दिसत नाही.

काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनी तपासून घेता येतात. सांगलीचं वालचंद कॉलेज आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथं अशा चाचण्या होतात. या चाचणीला जो ठेकेदार आढेवेढे घेतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच पडतो.

फ्लॅट घेणाऱ्याला स्थावर संपदा कायद्याचा (रेरा) आधार आहे: नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेलं घर या कायद्यात बसत नाही. तिथं कागदच कामाला येतो. सिमेंट, सळई, विटा कोणत्या, हप्ता कुठल्या टप्प्याला, पाणी किती दिवस मारायचं आणि ते कुणी, हे सगळं स्टॅम्पपेपरवर लिहिलेलं असावं. ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

ठेकेदार आपण बांधलेली घरं दाखवतो तेव्हा नवं कोरं घर पाहून परत फिरू नये. चार-पाच पावसाळे काढलेलं घर मागावं आणि जमलं तर ऑगस्टमध्येच तिथं जावं. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहावा, खिडकीवरचा छज्जा पुरेसा बाहेर आहे का ते बघावं, आणि गच्ची कुठं गळते हे त्या घरात राहणाऱ्या माणसांनाच विचारावं.