जोड दांडीचा, कस कुसवाचा

ब्रायर लाकडाचा, तंबाखू ओढायचा पाइप हाती आला की लोक भांड्याची नक्षी बघतात. मी आधी दांडीचं टोक बघतो. मुखनळी जिथे बसते ती ही दांडी आखूड पडली की तिला जोड द्यावा लागतो. तो कशाचा करायचा यावर आम्ही हौशी कारागीर तासन्‌तास बोलतो. आतल्या सांध्यावर फारसं कुणी बोलत नाही.

माझा पहिला जोड शिसवीचा होता. रंग सुरेख, खराद्यावर काचेसारखा गुळगुळीत झालेला. दोन्ही तोंडं घासून इपॉक्सीने चिकटवली. तीन आठवड्यांत, मुखनळी जरा पिळताच जोड हातात आला. लाकडाच्या आडव्या कापात तंतूंची तोंडं उघडी असतात, ती गोंद पिऊन टाकतात. शिवाय शिसवी तेलकट. चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसायला हवी होती. आणि वर धुराची ऊब, ओल.

सुतार चौकट नुसत्या गोंदावर सोडत नाही, कुसू घालतो. इथेही तेच. मी आता स्टेनलेस स्टीलची 6 मिमी जाडीची, आतून 4 मिमी पोकळ नळी घेतो. ती ब्रायरमध्ये 10 मिमी आणि जोडात तेवढीच उतरवतो. नळीवर कानशीने आडव्या खाचा पाडतो, म्हणजे इपॉक्सीला पकड मिळते. पाच मिनिटांत सुकणारा नको. सावकाश सुकणारा घ्यावा आणि रात्रभर हात लावू नये. आतून मेण चोळलेली सळई घालून ठेवायची, नाहीतर गोंद धुराच्या वाटेत शिरतो. डेलरिन या प्लास्टिकचा कुसू मुखनळीला उत्तम, सरकतो छान. पण त्याच गुळगुळीतपणामुळे गोंद त्याला धरत नाही. कायमच्या सांध्यात मी तो वापरत नाही.

भोक हे खरं नाजूक काम. ड्रिल तंतूंच्या कलाने वाहवत जातं, म्हणून जोड आधी चौकोनीच ठेवून भोक पाडतो आणि मग त्या भोकाच्या मध्यावर धरून बाहेरून खरादतो. उलट केलं की एक बाजू पातळ राहते, आणि चिरते ती तिथेच.

बांबू सगळ्यांत देखणा. लंडनच्या डनहिलने दाट पेरांचा बांबू दांडीला वापरला, पुढे डेन्मार्कच्या सिक्स्टन इव्हार्सननेही. पण बांबूच्या भिंतीवर भार टाकायचा नाही. आतली नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत हवीच. शिंगाला चमक आहे, मात्र ओल-सुकीत त्याचे पापुद्रे सुटतात. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, ओलीने फुगत नाही. उन्हात ठेवलं तर हिरवट-तपकिरी पडतं. ब्रायर आणि जोडाचं लाकूड यांच्यामध्ये मी त्याची 2 मिमीची काळी चकती घालतो. दोन लाकडं वेगवेगळी आकसली तरी सांध्याची रेघ डोळ्यांत भरत नाही.

सगळं झालं की कापूस गुंडाळलेली तार मुखनळीतून आत सरकवतो. ती कुठेही न अडता भांड्याच्या तळाशी निघाली, तरच पॉलिशला हात घालतो. आणि ज्याच्या हाती पाइप देतो त्याला एवढंच सांगतो: गरम असताना मुखनळी काढू नका, तासभर थांबा.