गळू दे थेंब

बॉनेटची एक बाजू उचलल्यावर मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. आधी खाली वाकून फरशी पाहिली. पुढच्या चाकांच्या मध्ये ओला डाग होता.

"गळतंय," मी म्हणालो.

"गळायलाच पाहिजे की. किती गळतंय ते बघायचं."

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए. कॅनडाच्या फोर्डकडून ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांत उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्या येत, त्यांतली ही एक. चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती. माझ्या मित्राच्या घरात ती तीन पिढ्या आहे आणि दसऱ्याआधी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या शेडमध्ये तिची एक फेरी ठरलेली. यंदा मी सोबत आलो, कारण गेल्या खेपेला घाटात तिने पाणी उकळून टाकलं होतं.

फोर्डच्या आधीच्या मॉडेल टीला, अगदी सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्या सोडल्या, तर वॉटर पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं; तेवढ्यावर भागायचं. मॉडेल एमध्ये सिलिंडर हेडच्या तोंडाशी पंप आला. एकच लांब शाफ्ट. त्याच्या पुढच्या टोकाला पंखा, मागच्या टोकाला पाण्यात फिरणारा इम्पेलर. पुढे रोलर बेअरिंग, मागे बुश. या दोघांच्या मध्ये फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवायला आजच्यासारखं सील नाही. तिथे आहे ग्लँड. शाफ्टला गुंडाळलेली ग्राफाइटची डोरी आणि ती दाबून धरणारा नट.

मिस्त्री मूळचे मिरजेकडचे. वडील विहिरींवरचे पंप दुरुस्त करत आणि हे लहानपणी त्यांच्या हाताखाली पायऱ्या उतरून जात. ज्याने विहिरीवर पंप चालवलाय त्याला ग्लँड डोरी समजावून सांगावी लागत नाही. डोरी आणि शाफ्ट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. तोच डोरीला वंगण देतो आणि तोच गारवा. नट आवळून गळती पुरती बंद केली की डोरी कोरडी पडते, तापते, जळून दगडासारखी होते आणि शाफ्टवर चरा पाडते. मग चऱ्यातून पाणी अधिक गळतं, माणूस नट अधिक आवळतो. या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. मधल्या काळात कुणीतरी पान्याने जोर लावला होता. मिस्त्रींनी शाफ्ट बाहेर काढून माझ्या हातात दिला. नखाने चाचपला तर तीन खोल वळ लागले.

नवा शाफ्ट आणि कांस्याचा बुश करायला शेडमधून चौथ्या दारी जावं लागलं. उद्यमनगरात नमुना दाखवला की संध्याकाळपर्यंत वस्तू हातात पडते, आणि या शहराची ही श्रीमंती मला कुठल्याही राजवाड्याइतकी मोलाची वाटते. या वेळी शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा केला. मूळचा पोलादी गंजतो आणि गंज डोरीला कानसेसारखा खातो.

खरी चूक मात्र रेडिएटरचं झाकण उघडल्यावर दिसली. तोंडाशी आतून पिवळट लोणी माखलेलं. पंपाला दोन ग्रीस निपल असतात. पुढचं बेअरिंगचं, मागचं बुशचं. बुश पाण्याला लागूनच असल्यामुळे मागच्या निपलमधून दिलेलं जास्तीचं ग्रीस सरळ पाण्यात जातं. मग ते रेडिएटरच्या नळ्यांना आतून चिकटतं, पाण्याची उष्णता धातूपर्यंत पोचू देत नाही. रबरी होजही फुगवतं. या गाडीच्या पाण्यावर दाब नसतो आणि कोल्हापूरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. काळजीपोटी दिलेल्या ग्रीसनेच घाटात दगा दिला होता.

ग्रीस कोणतं, यावर मिस्त्री बराच वेळ बोलले आणि मला ते सगळं ऐकायचं होतं. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. सोडियमच्या साबणाचं असेल तर पाणी लागताच दुधाळ होऊन वाहून जातं. इथे लागतं कॅल्शियमच्या साबणाचं, घट्ट. जड पाण्याच्या विहिरीवर अंघोळ केलेल्यांना ते ओळखीचं आहे. साबणाला फेस येत नाही, अंगावर आणि बादलीला चिकट पांढरा थर बसतो, कितीही पाणी ओता निघत नाही. तो थर कॅल्शियमच्या साबणाचाच. अंघोळीला जो नकोसा, तोच पंपाच्या बुशला हवा. पुढच्या बेअरिंगला पाण्याचा संबंध नाही. तिथे साधं बेअरिंगचं ग्रीस चालतं.

रेडिएटर दोनदा धुऊन झाल्यावर जोडणी सुरू झाली. डोरी नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळली, नाहीतर आवळताना ती उलगडते. नट बोटांनी बसवला, पान्याने जेमतेम एक हिसका. मग ग्रीस गन. जुन्या तक्त्यांत दर ५०० मैलांना ग्रीस सांगितलं आहे, पण ही गाडी वर्षात तेवढी चालतच नाही. मिस्त्रींनी मागच्या निपलवर एकदा दांडा दाबला. दुसऱ्यांदा अर्धा दाबला आणि थांबले. काय जाणवलं म्हणून विचारलं, तर गन माझ्या हातात देऊन पुढचं निपल भरायला लावलं. सुरुवातीला दांडा सैल जातो, मग हाताला किंचित अडतो. अडला की पुरे.

इंजिन चालू करण्याआधी त्यांनी पंख्याची दोन्ही पाती चिंधीने पुसून मुळाशी निरखली. मॉडेल एच्या मूळ पंख्याला तडा जातो आणि पातं सुटलं तर बॉनेट फाडून बाहेर येतं. मला त्यांनी बाजूला उभं केलं.

वीस मिनिटं इंजिन चाललं. ग्लँड आधी भळभळली, डोरी बसली तशी मंदावली. इंजिन बंद करून मिस्त्रींनी नट आणखी थोडा, डोळ्यांना न दिसेल इतका फिरवला. मग पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं चार वेळा. शेवटी इंजिन चालू असताना मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला दोन थेंब.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर रुपयाएवढा डाग होता. मिस्त्रींनी त्यावर बोट टेकवलं, अंगठ्याने चोळून पाहिलं. तेलकट नव्हतं, नुसतं पाणी. त्यांनी पुठ्ठा परत जागेवर सरकवला आणि बॉनेट खाली घेतलं.