सॉकेट तोच, तरी प्रोसेसर चालेलच असं नाही

सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालणारच, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा सॉकेट एलजीए ११५१. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीचाही तोच. आकार सारखा, पण काही पिनांचं काम बदललं होतं, म्हणून जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. त्यामुळे धुळ्याच्या देवपुरातल्या विद्यार्थ्याला किंवा झेरॉक्सवाल्याला 'नुसता प्रोसेसर बदलू' असं वाटणं साहजिक आहे. पैसे देण्याआधी बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहाच. तिथे नवी बायोस आवृत्ती मागितली असेल, तर ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच टाका, आणि तेही यूपीएसवर. मध्येच लाइट गेली तर बोर्डच बंद पडू शकतो. विंडोजचं बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

मशीन मंदावलं म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला, असंही नाही. मे महिन्यात धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि कुलरच्या पात्यांत धूळ गच्च बसते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आधी धूळ काढा, प्रोसेसर आणि कुलरमधली थर्मल पेस्ट बदला; माझ्या मते निम्मा खर्च इथेच टळावा.

पेस्ट जास्त तितका गारवा, हेही चूक. तिचं काम धातूंमधल्या बारीक फटी भरणं एवढंच. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरे.

खरी जपणूक कुलर काढताना लागते. रायझनच्या एएम४ प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात. कुलर सरळ वर ओढला, की वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटबाहेर येऊ शकतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्या. मग बंद करून वायर काढा, कुलरचे स्क्रू किंवा क्लिपा सोडा, तो हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि सुटला की उचला. इंटेलच्या एलजीएत पिना सॉकेटमध्येच असतात, तिथे बोट लावू नका. प्रोसेसर ठेवताना जोर अजिबात नको. खाच जुळली की तो आपोआप बसतो. एलजीए सॉकेटचा दांडा दाबताना मात्र जोर लागतो, कर्र आवाजही येतो. त्याला घाबरू नका.

झटका लागला नाही म्हणजे स्थिर वीज नव्हती, असंही समजू नका. आपल्याला जाणवतही नाही इतक्या विजेने चिप जाऊ शकते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावत राहा. शेवटी पंख्याची वायर सीपीयू-फॅनच्या जागी लावा आणि विंडोज उघडण्याआधी बायोसमध्ये तापमान पाहा.